मी यांच्याबरोबर आहे

म्हात्रे सरांचे कान फार लवकर लाल व्हायचे. रागानं नव्हे. राग त्यांना यायचाच नाही, किंवा आला तरी तो कुठं ठेवायचा हे त्यांना कळायचं नाही. दुसरं कुणी वाईट वागलं की यांचे कान लाल. हेडमास्तरांनी शिपायाला सगळ्यांसमोर झापलं की आम्ही बाकीचे वह्यांमध्ये डोकी घालायचो. म्हात्रे सर मात्र आपणच काहीतरी चोरताना पकडले गेल्यासारखे खिडकीबाहेर बघत बसायचे. मग तास संपला की हळूच त्या शिपायाजवळ जाऊन म्हणायचे, "माफ कर हं, शांताराम."

शांताराम बिचारा गोंधळायचा. "तुमी काय केलात, सर?"

सर नुसतेच त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून जायचे.

रोह्याच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी मराठी. मी रोह्यातच राहणारी. ते रोज पेणहून गाडीनं यायचे. रामवाडीत त्यांचं छोटं घर होतं, पण माणूस मूळचा खाडीकडच्या गावातला, आगरी. वर्गात अगदी पुस्तकी बोलायचे आणि जरा मन हललं की घरची बोली बाहेर यायची. उंच, किरकोळ अंगाचे, पांढरा शर्ट आणि बाराही महिने काखेत छत्री. भर वैशाखात मी एकदा विचारलं, "सर, आत्ता कशाला ही?" तर म्हणाले, "कुणाला लागली तर." खरं सांगायचं तर सुरुवातीला मला या माणसाचा वैतागच यायचा. इतका भला माणूस शेजारच्या खुर्चीत बसला की आपण उगाचच वाईट ठरतो.

या भल्या माणसाला खरा त्रास व्हायचा तो बँकेत. आमचा पगार बँकेत जमा व्हायचा आणि तो काढायला आम्ही मधल्या सुट्टीला लागून एखादा मोकळा तास साधून जायचो. तेव्हाची ती बँक म्हणजे एक लांबट खोली, लोखंडी जाळीमागे कॅशियर, हातात पितळी टोकन आणि भिंतीकडेला एक बाक, त्यावर नेहमीच बँकेचे कागदांचे गठ्ठे बसलेले. माणसं उभी. आतले लोक अगदीच राक्षस होते असं नाही. पण जाळीच्या पलीकडे बसलं की माणसाच्या मानेला काहीतरी होतं. ती वर होत नाही. "उद्या या." "सही जुळत नाही." "हे इथं नाही, तिकडं." तिकडं गेलं की "कुणी सांगितलं इथं यायला?" आपले स्वतःचे पैसे मागायला आलेली माणसं तिथं उसने मागायला आल्यासारखी उभी राहायची आणि मला त्या माणसांचाच राग यायचा. अरे, बोला की काहीतरी! मी स्वतः दोनदा भांडले होते. भांडून काम लवकर व्हायचं, पण घरी येईपर्यंत तोंड कडू असायचं.

सर भांडायचे नाहीत. कॅशियर कुणावर खेकसला की सरांचे कान लाल व्हायचे आणि ते त्या खेकसून घेतलेल्या माणसाला म्हणायचे, "माफ करा हं." एकदा एका गवळ्याला तसं म्हणाले. त्यानं त्यांना बँकेचे साहेब समजून आपली सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. सरांनी ती उभ्यानं ऐकून घेतली. आमचा पुढचा तास बुडाला.

निडीकडच्या आणि आतल्या गावांतल्या पुष्कळ बायाबापड्या तेव्हा बँकेच्या दारात चप्पल काढून आत यायच्या. कुणी सांगितलेलं नव्हतं. गुळगुळीत फरशी पाहिली की पायातून आपोआप निघायच्या. सरांना हे अजिबात सहन व्हायचं नाही. आत शिरता शिरता ते खाली वाकून दोन-चार जोड उचलायचे, आत आणायचे आणि ज्याच्या त्याच्या पायाशी ठेवून म्हणायचे, "घाला. हे देऊळ नाय." एक म्हातारी एवढी संकोचली, की मास्तरानं आपल्या चपला उचलल्या म्हणून तिथंच त्यांच्या पाया पडली. मग सर तिच्या पाया पडले. वॉचमननं दोघांनाही बाहेर जायला सांगितलं.

आणि त्या तक्रारवहीची गोष्ट तर आमच्या स्टाफरूममध्ये कितीतरी वर्षं चालली. भिंतीवर पाटी होती, 'तक्रारवही मागितल्यास मिळेल.' सरांनी मागितली. कपाटाची किल्ली साहेबांकडे आहे, साहेब रजेवर आहेत. पुढच्या महिन्यात साहेब होते, किल्ली नव्हती. त्याच्या पुढच्या महिन्यात साहेबच बदलले. सर न चुकता प्रत्येक पगाराला हात जोडून विचारायचे, "वही मिळेल का?" आम्ही त्यांना चिडवायचो, "सर, पेन्शनीत जाल, पण वही मिळायची नाही." शेवटी एकदाची मिळाली. कोरी करकरीत, पहिल्या पानाची घडीसुद्धा न मोडलेली. मी मुद्दाम बरोबर गेले होते. म्हटलं, आता बघू काय लिहितात. सरांनी खिशातलं पेन काढलं, बराच वेळ विचार केला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'वही मिळाली. आभारी आहे.' खाली सही. मी कपाळावर हात मारून घेतला. "सर, अहो तक्रार?" तर म्हणाले, "कुणाचं नाव लिहू, बाई? त्याच्या घरी पोरंबाळं असतील."

अशा माणसाचा मुलगा बँकेत लागला.

दिनेश त्यांचा एकुलता एक. हुशार, सरळ, बापासारखाच उंच. बँकेची परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाला. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. कुणीतरी म्हणालं, "सर, आता तक्रारवही घरातच!" सगळे हसलो, सरही हसले. नंतर मला म्हणाले, "मी त्याला एकच सांगितलंय. मोठ्यानं बोलू नकोस. काउंटरवरचं बोलणं काउंटरवरच राहिलं पाहिजे. माणसाला पैसे कमी मिळाले तर तो विसरतो बाई, पण चारचौघांत हसं झालं तर नाही विसरत."

काही वर्षं बाहेरगावी काढून दिनेश नेमका रोह्याच्याच शाखेत आला. आम्हा शिक्षकांची तर चंगळ झाली. बाजूच्या दारातून पासबुक आत सरकवायचं, "दिनेश, जरा बघ रे," की काम झालं. सर मात्र रांगेत. आम्ही हाका मारायचो, "अहो, इकडून या!" ते मान हलवायचे आणि जागेवरून हलायचे नाहीत. रांगेतले लोक एकदा सरांकडे आणि एकदा आमच्याकडे बघायचे. मग हळूहळू आम्हीही बाजूच्या दारानं जायचं सोडलं. तोंडदेखलं नव्हे, खरंच लाज वाटायला लागली होती.

त्या दिवशी रांगेत सर पुढे होते आणि मी त्यांच्या दोन माणसं मागे. बँकेत नुकतीच कॉम्प्युटरची मशीनं आली होती आणि कामं दुप्पट वेळ खायला लागली होती. दिनेशच्या काउंटरपुढे एक बाई उभी होती, तिशी-पस्तिशीची, कपाळ मोकळं. नवरा धाटावच्या कंपनीत होता, तो गेला होता. कंपनीचे पैसे येणार म्हणून तिला नवं खातं उघडायचं होतं. दिनेशनं तिचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. मग त्यानं विचारलं, "नवऱ्याचं पूर्ण नाव?"

बाई गप्प. तिनं मागं वळून पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं. ती काय शोधत होती ते आमच्यातल्या कुठल्याही बाईनं ओळखलं असतं. ती एखादं लहान पोर शोधत होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसलं की बाया पोराला पुढं करतात, 'सांग रे बाबा.' बँकेत पोर कुठून असणार?

"अहो बाई, नाव. नवऱ्याचं नाव."

"त्यांचा नाव मी कसा घेव?" ती पुटपुटली. ते फक्त जवळच्यांना ऐकू आलं.

दिनेशचं लक्ष मशीनकडे. "नाव सांगा लवकर. मागं रांग आहे." तरी ती बोलेना, तेव्हा तो वैतागून मोठ्यानं म्हणाला, "नवऱ्याचं नाव माहीत नाही आणि खातं उघडायला आलात?"

सगळी खोली हसली. खो खो नाही, पण हसली. हसणाऱ्यांत आमच्या शाळेचेही दोघं होते. बाईनं पदर तोंडाशी धरला आणि ती तशीच उभी राहिली. जाता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं.

म्हात्रे सर रांग सोडून पुढे गेले. तिच्या शेजारी उभे राहिले आणि अगदी हळू, घरच्या बोलीत विचारलं, "कुना देवाचा नाव हाय गो, बाय?"

तिनं मान वर न करता सांगितलं, "वनवासान गेला त्याचा धाकला भाव."

"लक्ष्मण?"

मान हलली.

"आन् सासऱ्याचा?" सासऱ्याचं नावही ती घेणार नाही हे सरांना माहीत होतं.

"गोकुलान वाढला तो."

"किसन?"

"व्हय."

आडनाव तेवढं तिनं स्वतः सांगितलं. मग सर काउंटरकडे वळले. "लिहा," ते म्हणाले. "लक्ष्मण किसन पाटील."

आपल्या पोटच्या पोराला त्यांनी 'लिहा' म्हटलं. दिनेशनं वर पाहिलं. त्याचेही कान बापासारखेच, एकदम लालबुंद झाले. "बाबा? तुम्ही इथं कसे?"

"मी यांच्याबरोबर आहे," सर म्हणाले.

त्या दिवशी सरांनी आपले पैसे काढलेच नाहीत. बाईचं काम पुरं होईपर्यंत उभे राहिले आणि मग निघाले. बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "जाऊ द्या सर, गर्दी असते, पोरं वैतागतात." सर म्हणाले, "बाई, त्याच्या आईनं आजवर माझं नाव घेतलं नाही. ती त्या जागी उभी असती तर?"

घरी काय झालं ते मला पुढं यमुनाकाकूंकडून कळलं. यमुनाकाकू म्हणजे सरांच्या पत्नी. मी पेणला बहिणीकडे गेले की त्यांच्याकडे डोकावायची. त्या वालाच्या शेंगा सोलत सांगत होत्या. "ह्यांनी दिनेशला सांगितलान, 'जा, आयसला बापाचा नाव इचार.' तो आला रांदनीत. मना वाटला, थट्टा करतोय. मी हसले न् हातातला डाव उगारला. मंग बगते तर पोराच्या डोल्यात पानी." त्यांनी सोललेले दाणे बाजूला सारले. "पन पोर पन खोटा नाय बोलला गो, बाई. बोलला, 'बाबा, तुमाला देव वलकायला वेल हाय. माज्या मागं दारापरत मान्सा हायत. मशीन बंद परली का सायेब माज्यावर वरडतो. मना कोन मानूस समजतो तिथं?'"

हे खरंच होतं. मला त्या क्षणी दिनेशचीच बाजू पटली. जाळीच्या पलीकडेही काही सुख नव्हतं. पण सरांना त्यातलं काही ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी त्यांच्या मनात ती बाईच उभी होती.

थोड्याच दिवसांत सर निवृत्त झाले आणि तिथून हे प्रकरण हाताबाहेर गेलं. आता त्यांना मोकळा वेळ होता. ते सकाळच्या गाडीनं पेणहून रोह्याला यायचे आणि थेट बँकेत. दारात कुणी बावरलेलं दिसलं की त्याच्याशेजारी जाऊन उभे राहायचे. स्लिप भरून द्यायचे, टोकन सांभाळायचे आणि आतल्यानं "तुम्ही कोण?" विचारलं की एकच उत्तर, "मी यांच्याबरोबर आहे." कधी ते एखाद्या मुसलमान म्हातारीबरोबर असायचे, तिचा मुलगा आखातातून पैसे पाठवायचा आणि ते आले की नाही हे तिला कुणी धड सांगत नव्हतं. कधी कातकऱ्यांच्या जोडप्याबरोबर, कधी कुणाबरोबर. वादावादी नाही, आवाज नाही. नुसते उभे. पण जाळीमागे बसलेल्या माणसाला तो उभा राहिलेला म्हातारा शिव्यांपेक्षा जास्त लागत असणार. शिवाय त्या जाळीमागे बहुतेक वेळा त्यांचाच मुलगा.

सुरुवातीला दोघं एकाच घरातून निघून एकाच गाडीनं यायचे. डबे मात्र वेगळे. दिनेश पुढच्या, सर मागच्या. रोहा स्टेशनात उतरल्यावर दिनेश झपाझप पुढं निघायचा आणि सर अंतर ठेवून मागून. मग दिनेशनं कर्ज काढून मोटरसायकल घेतली आणि नागोठण्यावरून रस्त्यानं यायला लागला. आम्हाला गंमत वाटायची. शाळेत नवीन आलेल्या शिक्षकांना आम्ही हे किस्से रंगवून सांगायचो. आता आठवलं की मलाच कसंतरी होतं.

सरांचं नाव मात्र पंचक्रोशीत झालं. लोक आधी त्यांना शोधायचे, मग बँकेत शिरायचे. 'दिनेशसाहेबांचे बाबा आले काय?' असं दारातच विचारायचे. मला वाटतं सरांना ते आवडत होतं. त्यांचा चेहरा त्या काळात खुलला होता. शाळेत असताना कधी इतके बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी नुसते लाल होणारे कान आता कुणाच्या तरी उपयोगाला येत होते.

आणि मग तो दिवस आला. मी तिथं होते, म्हणून सांगू शकते. महिन्याची सुरुवात, भयंकर गर्दी. बाजारपेठेतला एक दुकानदार, चांगला शिकला-सवरलेला, पैसेवाला, दिनेशशी कसल्याशा चेकवरून हुज्जत घालत होता. चूक दुकानदाराचीच होती. दिनेश शांतपणे समजावत होता, आवाज अगदी खाली ठेवून. ते मी मुद्दाम सांगते, कारण तेव्हा तो खरंच नीट बोलत होता. दुकानदाराला मुद्दा सुचेना, तेव्हा तो मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काय रे, तुझ्या बापाला बोलवू काय?"

सगळी खोली हसली.

तेच हसणं. मी सरांकडे पाहिलं. ते भिंतीजवळ एका म्हाताऱ्याची स्लिप भरत होते. त्यांचं पेन थांबलं. दिनेश जाळीमागे मान खाली घालून बसला होता, पदर नव्हता म्हणून तोंड झाकता येत नव्हतं, एवढाच फरक. तो उठून जाऊ शकत नव्हता आणि बोलूही शकत नव्हता. सरांनी ती स्लिप पुरी केली, म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि बाहेर पडले. त्यानंतर ते कुणाबरोबर उभे राहायला बँकेत आले नाहीत.

काही आठवड्यांनी, पेन्शन काढायला आलेले, मला ते रोहा स्टेशनच्या बाकावर बसलेले दिसले. मी एका पाहुणीला पोचवायला गेले होते. ती गाडीत बसली, सर मात्र बसले नाहीत. म्हणाले, पुढच्या गाडीनं जाईन. मी शेजारी बसले. सर म्हणाले, "दिनेशनं बदली मागून घेतली. लांबची. विदर्भात."

मी म्हटलं, "बढतीसाठी मागतात सर, बँकवाले."

"नाय बाई. माज्यामुलं." बोली बाहेर आली होती. मग सावरून म्हणाले, "आयुष्यभर मला जगाची लाज वाटली. हा असा वागतो, तो तसा बोलतो. आणि मी काय केलं? माझ्या पोराचं भर बँकेत हसं करून ठेवलं. एक दिवस नाही. रोज. गाडीचं तिकीट काढून येऊन." त्यांचे कान लाल झाले नव्हते. चेहराच पांढरा पडला होता. इतकी वर्षं ओळखत होते, पण स्वतःची लाज वाटलेले सर मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते बघवत नव्हतं.

"घरी बोला ना त्याच्याशी," मी म्हटलं. "चुकलं म्हणा, की संपलं."

"घरात कोण हसलं होतं? जिथं हसले तिथं म्हटलं पाहिजे."

मी परोपरीनं सांगितलं. म्हटलं, सर, नका करू असं, त्याला आणखी अवघडल्यासारखं होईल. बापलेकातलं घरातच राहू द्या. पण मऊ माणसाचा हट्ट फार चिवट असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला ठाऊक होता.

दिनेशच्या शेवटच्या दिवशी मी बँकेत गेले, मुद्दामच. काम काढलं होतं, पण खरं तर सर येतील या धास्तीनं गेले होते. ते आले. नेहमीसारखे रांगेत उभे राहिले, मी त्यांच्या मागे. काखेतली छत्री सारखी या काखेतून त्या काखेत जात होती. नंबर आला. दिनेश मशीनकडे बघत म्हणाला, "बोला."

"दिनेश," सर म्हणाले.

त्यानं वर पाहिलं.

सरांनी हात जोडले. छत्री काखेतून निसटून खाली पडली, ती त्यांनी पडू दिली. "माझं चुकलं, बाळा," ते म्हणाले, आणि हळू नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "या सगळ्यांसमोर तुझं हसं झालं, ते माझ्यामुळं. मी सगळ्यांच्या समोर—"

या वेळी कुणी हसलं नाही. पण प्रत्येक मान काउंटरकडे वळली होती आणि दिनेश त्या सगळ्या माना बघत होता. बाप हात जोडून उभा. शेजारच्या काउंटरचा माणूस काम थांबवून बघतोय. साहेब केबिनच्या दारात. मला वाटलं, धरणी दुभंगावी. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो पुढं?"

"बाबा," दिनेश अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "बाजूला व्हा. मागं लोक आहेत."

"हो, हो," सर लगेच म्हणाले. "बरोबर आहे. बरोबर आहे तुझं." त्यांनी वाकून छत्री उचलली, मला वाट करून दिली आणि दाराकडे निघाले.

माझा नंबर होता. मी पासबुक पुढं केलं. दिनेशनं ते घेतलं, उलट धरलं, मग सुलट केलं. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायलाही त्याला हात मोकळा करता येत नव्हता. पासबुकातच बघत त्यानं विचारलं, "बाई, बाबा गेले का?"

मी मागं पाहिलं. दाराच्या काचेपलीकडे सर पायरीवर उभे होते, पाठमोरे. "नाही," मी म्हटलं. "उभे आहेत."

त्यानं खुर्ची मागं सरकवली. अर्धा उठलासुद्धा. तेवढ्यात माझ्यामागच्या म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावरून आपली स्लिप पुढं केली. स्लिप कोरी होती. दिनेशनं त्या कोऱ्या स्लिपकडे पाहिलं, माझ्यामागं दारापर्यंत गेलेल्या रांगेकडे पाहिलं आणि तो परत बसला. "या आजोबा," तो म्हणाला. "द्या, मी भरतो."

मी धावतच बाहेर आले. "सर, थांबा. त्याला तुमच्याकडे यायचंय. उठला होता तो, मी पाहिलं."

सर वळले. काचेतून त्यांनी आत पाहिलं. दिनेश जाळीला कान लावून त्या म्हाताऱ्याचं काहीतरी ऐकत होता, पुन्हा विचारत होता, लिहीत होता. बाहेर आवाज येत नव्हता. सर बराच वेळ बघत राहिले. मला राहवेना. "मी बोलावते त्याला. दोन मिनिटांचं काम आहे, लोक थांबतील." मी दार ढकललंसुद्धा.

त्यांनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"उठवू नका त्याला, बाई," ते म्हणाले. "लोकं उभी हायत."

आणि ते पायऱ्या उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागले. पुढच्याच पावसाळ्यात सर गेले, त्यामुळं मला ते दिसले ते तेवढेच, बाजारपेठेच्या गर्दीत लोकांना वाट देत देत कडेकडेनं जाणारे.